चुकीच्या वेलांट्यांची वही

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, शिक्षण तिसरी नापास, कोणी मागे न लागता, डोकं ठिकाणावर ठेवून आणि मोठ्या आनंदाने हे मृत्युपत्र करते आहे. सांगितलं मी, टंकलं नातीने. वेलांट्या तिच्या, बोलणं माझं. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात गुडघ्यांबद्दल जे लिहिलंय ते डोक्याला लागू धरू नये.

१. राहतं घर मुलाला. गळका नळही त्यालाच. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

२. शिलाई मशीन लेकीला. तिला साधं बटण लावता येत नाही, पण मशीन हवंय म्हणते.

३. आता निळी वही. खरं तर हिच्यासाठीच बसले.

माझी आई होडी चालवायची. मोठ्या पुरात तिने पलीकडची माणसं फेऱ्या मारून आणली. धाकटे दीर चाळीस वर्षं म्हणत आले, "वहिनी, बाईमाणूस आणि होडी? लोणकढी थाप." दोन वर्षांपूर्वी नात मला ग्रंथालयात घेऊन गेली. तिथली जुनी वर्तमानपत्रं आता संगणकावर चढवली आहेत, घरबसल्याही दिसतात. नातीने 'होडीवाली' लिहून शोधलं, काही नाही. म्हटलं, सरक जरा. मला येतं तसं 'होडिवालि' लिहिलं आणि आली की आई! ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजी, बातम्यांची यादी टंकणारा तुमच्याच वर्गातला दिसतोय." तिसरं पान, खालचा कोपरा: सत्तावीस जीव वाचवले. दीरांना प्रत दाखवली. चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "सत्तावीस?" त्यांना माफ केलं आहे. ती प्रत त्यांनाच द्यावी, भिंतीवर लावायच्या अटीवर.

तेव्हापासून कोणता शब्द कसा चुकवला की काय सापडतं, ते मी वहीत उतरवते. 'पुल' लिहिलं तर पूल बांधणारे गवंडी. 'गीरणी' लिहिलं तर संपाच्या बातम्या. गल्लीतले लोक आपापली माणसं शोधायला माझ्याकडे येतात.

सूनबाई शाळेत भाषा शिकवते. गुणाची आहे, माझी औषधं तीच सांभाळते. गेल्या महिन्यात तिने वहीची पहिली चार पानं व्हाइटनर लावून शुद्ध करून दिली. "आई, चार लोक वाचणार, नीट नको का?" त्या पानांवरचं आता काही सापडत नाही. आधी काय लिहिलं होतं, ते मलाही आठवेना. तिला बोलले नाही, आज सांगते. सूनबाई, रडायचं नाही.

वही मी सुनेलाच देते. नातीने भुवया उंचावल्या आहेत, उंचावू दे. आपल्या हातून काय पुसलं गेलं हे ज्याला कळलं, तोच खरी राखण करतो. पुढे एक काना बदलू नये. आणि त्या चार पानांवरची माणसं तिने पुन्हा शोधावीत, शाळा सुटल्यावर, रोज थोडी.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, सकाळ

सही: (वाकडी आली, पण माझीच)

साक्षीदार:
१. ग्रंथपालबाई
२. कोपऱ्यावरचा शिंपी. याचे आजोबा त्या चार पानांत होते. म्हणतो, घाई नाही.