आबांच्या मागची कार्बाइन

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन उरकलं. सगळा वेळ आबांच्या मागे उभा. कार्बाइनच्या पट्ट्याने खांदा सोलून निघालाय. लोक हिला अजून स्टेनगनच म्हणतात. गोळ्यांचं मॅगझिन नेहमीप्रमाणे पँटच्या खिशात. म्हणजे साखर कारखान्याचे माजी चेअरमन श्रीमंतराव ऊर्फ आबांच्या पाठीशी सरकारने आज एक लोखंडी दांडकं उभं केलं होतं. दुसरं काही नाही.

हे फक्त या पानाला सांगतो. आमची ही जुनी कार्बाइन भरलेली असली आणि दणकून आपटली, तर चाप न ओढताही सुटू शकते. बिभीषणही माझ्यासारखाच बॉडीगार्ड. जीपमधून उडी मारताना त्याची सुटली, पायाचं बोट गेलं. तेव्हापासून आम्ही बरेच जण मॅगझिन खिशात ठेवतो. आमची ड्युटी म्हणजे लग्न, दशक्रिया, सत्कार. तिथे ही सुटली तर आबा वाचतील आणि वऱ्हाड मरेल!

त्यात आबांची एक खोड. लग्नात माझ्या खांद्यावरची कार्बाइन काढून नवरदेवाच्या हातात देतात, फोटोसाठी. "धर रे, जरा रुबाबात." आता तालुक्यात तो मानच झालाय. मिळाला नाही तर नवरदेवाचा बाप रुसतो.

३० जानेवारी

राहात्याहून बायकोचा, मरियाचा फोन. आई अंथरुणावरच आहे. "त्यांना उचलायला दोघं लागत्यात. मी एकटी काय करू?" मग म्हणाली, "ईस्टरला तरी ये. आन् माझी सवत तिकडंच ठेवून ये."

सवत म्हणजे कार्बाइन. नाताळात आबा शिर्डीला गेले होते, तेवढ्यात तासभर सुट्टी मागून शेजारी राहात्याच्या चर्चला गेलो. कार्बाइन ठेवणार कुठे? पाळकांनी व्हरांड्यात उभं केलं. मरिया आत, मी बाहेर.

बदलीचा अर्ज किती वेळा दिला! दर वेळी आबांचा एक फोन आणि अर्ज परत. तेही रागाने नाही, मायेने. "सॅमसन, तू हायेस म्हनून मला झोप लागते." पहिली भाकरी माझ्या ताटात वाढायला लावतात. अशा माणसावर रागावताही येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या तुपातल्या आहेत.

४ फेब्रुवारी

धरला गेलो! आबा तहसीलमध्ये आत, मी गाडीपाशी. नव्या पोलीस उपअधीक्षक हुमेरा मॅडम अचानक समोर. कार्बाइन हातात घेतली.

"मॅगझिन?"

खिशातून काढून दिलं. वाटलं, आता सस्पेंड. मॅडम म्हणाल्या, "मग काठी घेऊन फिरा की, हवालदार. हलकी असते." रिपोर्ट केला नाही, पण बजावलं, आजपासून भरलेलीच ठेवायची. मॅगझिन जागेवर बसवलं. परतताना गाडी सारखी खड्ड्यांत आदळत होती. सेफ्टीचा खटका लावलेला होता, तरी दर धक्क्याला बोटाने चाचपत होतो.

७ फेब्रुवारी

नगरला मुख्यालयात सगळ्या बॉडीगार्डांना बोलावलं. मॅडमचा प्रश्न सरळ — आजच्या पोलिसांना कार्बाइनचं काम उरलंय का? तुमच्याकडे ती हवी, की पिस्तूल बरं?

बिभीषण म्हणाला, "मॅडम, पिस्तूल दिसत न्हाई. आन् दिसलं न्हाई तर साहेब लोकांना गार्ड मिळाल्यासारखं वाटत न्हाई." हशा झाला. खरं बोलला म्हणून झाला.

मग मी उठलो. का उठलो कोण जाणे. म्हणालो, कुणी हत्यारं घेऊन घरात दडलंय आणि सरावलेली टीम आत शिरतेय, तिथे आखूड हत्यार बरं पडतं. पण तेही नवं, सेफ्टी धड असलेलं. समोरचा चिलखत घालून आला तर हिची गोळी पुरणार नाही, तिथे रायफलच लागेल. आणि मांडवात? चाप दाबून धरला की गोळ्या धडाधड सुटतात. पहिली कुणाला लागली ते कळेल, बाकीच्यांचं देव जाणे. सराव वर्षातून एकदा, तोही नावाला. "मॅडम, माझ्याकडची काढून घ्या."

मॅडमनी मान डोलावली. माझ्या मनात आणखी एक होतं, ते बोललो नाही. आबांना रुबाब हवा. कार्बाइन गेली की मागे कुणीही चालेल आणि मी सुटेन.

१० फेब्रुवारी

भरलेली कार्बाइन खोलीत असली की कूस बदलायचीही भीती वाटते.

१६ फेब्रुवारी

सोनईत आबांच्या नात्यातलं लग्न. अक्षता पडल्या, फोटो सुरू झाले. आबांनी न बघताच मागे हात केला.

"दे, सॅमसन."

नवरदेव हसत पुढे आला. भोवती करवल्या, लहान पोरं. मी पट्टा घट्ट धरला.

"आबा, आज न्हाई."

"आरं दे की, दोन मिनिटं."

"भरलेली हाय. देनार न्हाई."

बँड नेमका थांबलेला. सगळ्या मांडवाने ऐकलं. नवरदेवाचा बाप म्हणाला, "आबा, तुमचा गार्ड तुमचंच ऐकत न्हाई व्हय?" आबांचा हात तसाच हवेत. मग खाली घेतला आणि न जेवता गाडीत जाऊन बसले. मी घाबरलो होतो. आणि खरं सांगायचं तर खूशही होतो. आता तरी हाकलतील!

१७ फेब्रुवारी

आबा सकाळीच नगरला, एसपी साहेबांकडे. मी दाराबाहेर. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते माझ्याकडे बघितलंही नाही.

१९ फेब्रुवारी

बिभीषणचा फोन. "लेका, सुटलास! समद्या गार्डांच्या कार्बाइन जमा व्हनार. आन् आबांनी साहेबांपुढं तुझाच विषय काढला म्हनं." लगेच मरियाला कळवलं. ती रडत असावी. मग म्हणाली, "थांब, आईंना सांगते." मी बॅग भरून ठेवली.

२२ फेब्रुवारी

आदेश आला. माझं म्हणणं मान्य झालं — जिल्ह्यातल्या सगळ्या बॉडीगार्डांच्या कार्बाइन जमा, पिस्तुलं मिळणार. अपवाद फक्त श्रीमंतरावांचा, त्यांच्याच विनंतीवरून. कार्बाइन राहील, गार्डही हाच राहील, पुढील आदेशापर्यंत. मॅडम म्हणाल्या, "भर मांडवात तुम्ही ती सोडली नाहीत, हे आबांनीच साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, मग याच्याकडे राहू द्या."

आबा ओसरीवर वाट बघत बसले होते. म्हणाले, "मला न्हाई म्हननारा एवढाच एक मानूस भेटला. त्याला कसा सोडू?"

मरियाला अजून कळवलेलं नाही.