हळदीला कोणता हातमोजा?

इचोडा,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

सौ. विठावहिनींस कौशल्याचा नमस्कार.

दादांचा गुडघा, तुमचं पित्त आणि तुमच्याकडच्या द्वारकामावशींचा खोकला या तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे मी ठीक, म्हैस ठीक, नळाला एक दिवसाआड पाणी. फोन सोडून पत्र काऊन लिहिते, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि माझं एक वाक्य झालं की मागून मावशींचा खोकला येतो. पत्राला स्पीकर नसतो. (मावशींना वाचता येत नाही म्हणून त्यांना मी कमी लेखत नाही. मलाही येत नव्हतं. बियाण्याच्या पिशव्या, भज्यांचे कागद आणि दुकानांच्या पाट्या जोडून जोडून मी शिकले. बसची तेलुगू पाटी मात्र अजून अर्धी वाचून होते आणि बस निघून जाते.)

रूपालीच्या लग्नाची तुम्ही मला दोन कामं सांगितलीत. एक, स्वयंपाकघर सांभाळायचं. दुसरं, एकदा वापरून टाकायचे ते प्लास्टिकचे हातमोजे इचोड्यातून पारखून आणायचे, कारण मुलाकडची माणसं आदिलाबाद शहरातली आणि त्यांच्याकडे वाढप्यांच्या हातात हातमोजे असतात. तिसरं तुम्ही काम म्हणून सांगितलं नाहीत, फोन ठेवता ठेवता सांगितलंत. “आन् बाई, हळदीच्या वक्ताला तुमी आतच राहजा. मावशी म्हनते.” तुमचा आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं रेंज गेली. मी बरं म्हटलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा मी तीनदा उठून लिहिते आहे, एकदा दूध पाहायला आणि दोनदा काहीच पाहायला नाही. (रूपाली इंटरच्या कॉलेजची दोन वर्षं माझ्याकडे होती, रोज सकाळी तिची वेणी मी घालत होते आणि पहिली हळद आत्याच लावणार असं तिने तेव्हाच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ते इथे लिहीत नाही.)

तर हातमोजे. इथल्या बसस्टँडजवळ राजकुमारचं पत्रावळी, द्रोण आणि कागदी कपांचं दुकान आहे. मला वाटलं, हातमोजे द्या म्हटलं की हातमोजे मिळतात. तो म्हणाला, “अक्का, काम बोलो. काम के हिसाब से ग्लौज रहते.” मी म्हटलं, लग्न आहे. “शादी कोई काम है क्या? परोसना है, मिर्ची काटना है, बर्तन मांजना है, मेहंदी लगाना है, क्या करना है?” वहिनी, मी जन्मभर ही सगळी कामं याच दोन हातांनी केली, आणि हात बदलावा लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी एक जात सोडून प्रत्येक जातीचे थोडे थोडे घेतले आणि घरी येऊन तपासायला बसले. (हे म्हणायचे, नवी बादली आणली तरी तू आधी तिला गळकी समजूनच वागवतेस. बादल्या गळक्या निघायच्या, हे ते सांगत नसत.)

पहिली जात पातळ, चुरचुर वाजणारी. मुळात ती पिशवीच, फक्त तिला पाच बोटं काढलेली. ती घालून मी भाकरी थापायला घेतली. ज्वारीच्या पिठाला हा प्रकार इतका आवडला की हात वर आला आणि हातमोजा परातीतच राहिला. तो सोडवला, पुन्हा घातला, भाकरी झाली. शेजारची बयनाबाई माझ्याकडेच जेवते. तिने घास तोडला तर तो तुटेना. “काऊन वं कौसल्ये, हे काय लांबून राह्यलं?” मी पाहिलं तर हातमोज्याच्या अंगठ्याचं टोक. तिने ओढलं, ते लांबलं, तिने आणखी ओढलं, ते आणखी लांबलं. मग ते तुटलं. आता ती माझी प्रत्येक भाकरी आधी उजेडाकडे धरून पाहते. सांगायचं ते एवढंच, की पातळ हातमोजे लाडू, बुंदी, पापड वाढायला चांगले. गरम वरणाजवळ नको, वाफेने हाताला चिकटतात. भाकरीला उघडा हातच पाहिजे, आणि मुलाकडच्यांनी त्या वेळी चुलीकडे पाहू नये.

दुसरी जात निळी, ताणणारी. ती घालणं म्हणजे वासराला झबलं घालणं आहे. चार बोटं आत जातात तोवर अंगठा दुसऱ्याच्या घरात शिरलेला असतो. पण मिरचीला हीच खरी. ठेच्याला मिरच्या चिरल्या, हाताला अजिबात आग नाही. मी इतकी खूश झाले की कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच हाताने डोळेही पुसले. (हातमोजा हाताला वाचवतो. बाकी माणसाला वाचवण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही, तसं पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही, मी नंतर वाचून पाहिलं.) मी अंगणात बसून धो धो रडत होते. बयनाबाईने पाहिलं, तिने कौशल्याबाईला हाक मारली (ती माझ्या नावाची, कोपऱ्यावरची), तिने आणखी दोघींना. सगळ्या येऊन भोवती बसल्या. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी म्हणालं, “रडून घे बाई, दाबून नोको ठेवू. मानूस गेलं का घर खायाला येते.” मिरची आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या इतक्या मनापासून रडत होत्या की सांगवेना. मग मला ह्यांची आठवण आली. मग मिरची कुठे संपली ते मला कळलं नाही. शेवटी मीच उठून सगळ्यांना चहा केला. तुम्ही मिरचीला निळे घ्या, पण चिरणारीला आधीच सांगून ठेवा, की रडायचं असेल तर हातमोजे काढून रड.

तिसरी जात जाड, कोपरापर्यंतची. भांडी घासायला म्हणे. ती एकदा वापरून टाकायची नसते, पण तिच्यातून साबणाचं पातेलं असं सटकतं की पातेलंच एकदा वापरून टाकायचं होतं. ती नको. आणि एक जोड बयनाबाईने कापूस वेचायला मागून नेला. सुकल्या बोंडाने पहिल्याच तासात त्याची चाळणी केली. ती तो परत द्यायला आली, हे मला तिचं चांगलं वाटलं.

चौथी जात पांढरी, आत पावडर असलेली, दवाखान्यातली. ती राजकुमारने काचेवर ठेवली आणि मी म्हटलं, ही नको. तो म्हणाला, “अक्का, सबसे अच्छी यही है.” असेल. ह्यांच्या पायाची जखम धुवायला नर्सने मला तीच दिली होती. हे डोळे मिटून पडले होते. माझा हात लागला तसे म्हणाले, “कोन आहे?” मी म्हटलं, मी आहे. “मंग परक्यावानी काऊन हात लावून राह्यली?” मी हातमोजे काढले, साबणाने हात धुतले आणि मग मलम लावलं. नर्स रागावली. तिचं बरोबर होतं. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा कोण आहे म्हणून विचारलं नाही.

असो. वाढायला पातळ, मिरचीला निळे, मेहंदी कालवायलाही निळेच. पिशवी बांधून ठेवली आहे. दादांना सांगा, गुडघ्याला एरंडाचं पान बांधा. रूपालीला म्हणावं, केस उन्हात वाळव, पंख्याखाली नको. पत्राचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल, लग्नघरात कोणाला वेळ असतो.

तुमची नणंद,
कौशल्या

ता. क. राजकुमारने विचारलेल्या कामांत हळद नव्हती. म्हणून मीच त्याला विचारलं, हळदीला कोणता हातमोजा? तो म्हणाला, “हल्दी को ग्लौज कायको, अक्का? वो तो हाथ से लगाते.” त्याला आपल्यातलं काय माहीत. तर वहिनी, अडचण माझ्या हाताची असेल तर मी हातमोजा घालून हळद लावते. विधवेचा हात किती जाडीच्या हातमोज्यातून लागत नाही, एवढं मावशींना विचारून कळवा. राजकुमारकडे सगळ्या जाडीचे आहेत. आणि आपल्याकडे हळद आंब्याच्या पानाने लावतात, याचीही त्यांना आठवण करून द्या. पान म्हणजे तरी काय, एकदा वापरून टाकायचा हातमोजाच. हेच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं, मध्ये भाकरी आली.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि राहवेना, म्हणून हळद कालवली, पातळ हातमोजा घातला आणि लावायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून म्हशीच्या कपाळाला लावली. (ती सवाष्ण आहे की नाही हे तिला आजवर कोणी विचारलेलं नाही. तिने मान पुढे केली.) हातमोज्याची शिवण फुटली आणि हळद आत गेली. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, बोटं पिवळीच आहेत. म्हणजे लागायचं ते लागतंच, हातमोज्याचा काही उपयोग नाही. मावशींना विचारू नका. मी वर लिहिलेलं सोडून द्या.

ता. क. शेवटचा. मी हळदीच्या आदल्या दिवशी निर्मलच्या स्टँडवर बस बदलून येते. रूपालीला पहिली हळद मी लावीन, उघड्या हाताने. तुम्ही काही बोलू नका, वहिनी, फक्त तेव्हा माझ्या बाजूला उभ्या राहा. पांढऱ्या हातमोज्यांचा एक जोड मी राजकुमारकडे परत जाऊन तेवढा आणून ठेवला आहे, मावशींसाठी. माझा हात लागल्यावर रूपालीला आशीर्वाद द्यायला त्यांना अडचण वाटली तर घालतील. आतून पावडर आहे, त्यांना टोचणार नाही.