नाव घेऊन आलेली जाहिरात

छत्रपती संभाजीनगर, सिडको

तीर्थरूप तात्यासाहेब मामांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा इंद्रजीत याचा दंडवत.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुमचा त्याहून. इकडं मी खुशाल आहे. तिकडं वैजापुरात तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता, की नुसता वास घेऊन बाटली फळीवर ठेवून देता? तुमच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक बरी असेलच. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं हा विषय आपल्यात फोनवर पुरेसा झालेला आहे, म्हणून या पत्रात तो नाय. (सरांवर मी खुर्ची उगारली नव्हती. बसायला घेतली होती. ती थोडी वर गेली.)

आपल्याला माहीत आहेच की मी कमरोद्दीनभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. माणूस जन्मला, निवडून आला, वारला, तिन्ही आमच्याकडं छापून मिळतं. गिऱ्हाईक येतं, फोटो देतं आणि हळूच सांगतं की जरा उजळ करा. मी आजवर एवढ्या लोकांना गोरं केलंय की ते समोरून आले तर मलाच ओळखू येत नाहीत. अशात एक दिवस करमाडची तनुजा आली. तिच्या वडलांची, बद्रीनाथजींची, पिठाची गिरणी आहे. नवी चक्की बसवली म्हणून बोर्ड पाहिजे होता. वडलांचा फोटो पुढं ठेवून ती म्हणाली, "यांना गोरं करू नका. भुवयांवरचं पीठ बी राहू द्या." मामा, मी तिथंच संपलो. पुढचं डिझाइन मी चार वेळा मुद्दाम चुकवलं, म्हणजे ते पसंतीसाठी पुन्हा पुन्हा मेलवर पाठवता यावं. तिचा मेल आयडी माझ्याकडं आला तो असा, सरळ मार्गानं.

पुढं माझ्या डोक्यात आलं की दुकानाकडं सगळ्या गिऱ्हाइकांचे मेल आहेत, तर एकदम सगळ्यांना जाहिरात पाठवावी. कमरोद्दीनभाई चहा बशीत ओतत म्हणाले, "मियां, चौक में बोर्ड लगाव, लोगां के घरां में नको घुसो." मला राग आला. (थोडाच.) मी म्हणालो, तुमचा जमाना गेला, आणि पाठवून मोकळा झालो. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. नाव जेवढं मोठं, तेवढा मान मोठा. आणि काही सांगायचं असो नसो, सुरुवात अभिनंदनानं. तीच रीत मी मेलला लावली. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या नावानं, म्हणजे तिला असा: "हार्दिक अभिनंदन, तनुजा! तुमची निवड झाली आहे." आणि आत, खाली, की आमचे खास ग्राहक म्हणून निवड झाली असून बोर्डावर सूट मिळेल. बाकीच्यांना अक्षरं लाल होती, तिला सोनेरी. दुसरा काही हेतू नव्हता.

मला काय माहीत की शेंद्र्याच्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली होती आणि ती रोज मेलकडं डोळे लावून बसली होती? ती मावशीकडं जालन्याला निघाली होती. बसमध्ये मोबाईलवर माझ्या दोन ओळी दिसल्या, आणि मेल उघडायच्या आत दिवसाचा डेटा संपला. तिनं वडलांना फोन केला. बद्रीनाथजींनी गिरणी बंद करून पेढे वाटले. गिरणीत सगळं गाव येतं, त्यामुळं पेढा मिळाला नाय असं घर उरलं नाय. तिचा चुलतभाऊ कडुबा यानं लगेच तिला नोकरी लागल्याच्या अभिनंदनाचा बोर्ड ऑर्डर केला. कुणाला? आम्हाला. मामा, तो बोर्ड मी असा छापला की तसा मंत्र्याचा बी छापला नव्हता. शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत माझा स्वतःचा फोटो टाकला (किंचित उजळ करून) आणि बोर्ड स्वतः गाडीवर घेऊन करमाड फाट्याला गेलो.

संध्याकाळी ती जालन्याहून परतीच्या बसमधून उतरली तेव्हा मी शिडीवर होतो. कडुबानं तिला आपल्या फोनवरून नेट दिलं, म्हणजे मेल सगळ्यांना बघता येईल. तिनं तो बोर्डाखाली उभं राहून उघडला. मला वरून सगळं नीट दिसत होतं. आधी तिचा चेहरा पडला, मग बद्रीनाथजींचा. ते गिरणीकडं चालू लागले. कडुबानं शिडी हलवायला घेतली, तिनं त्याला थांबवलं. मी वरूनच म्हणालो की अख्ख्या जालना रोडला बोर्ड आहेत, हा बोर्ड बी खोटाच निघाला, त्यावर कुणी रागावत नाय, मग माझ्या एका मेलवर एवढं का? ती आवाज न चढवता म्हणाली, "बोर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी बोलतो. बघितला तर बघितला. तुमच्या मेलनं माझं नाव घेऊन मला एकटीला हाक मारली. आणि मी ओ दिली."

मी शिडी उतरलो आणि न भांडताच गाडीला किक मारली.

तो बोर्ड चार दिवसांत कुणाच्या तरी भाच्याच्या वाढदिवसाखाली गेला, आणि गाव विसरलं. मी मात्र तिची मेलवर माफी मागितली आणि वाट बघत बसलो. आता वाट बघणाऱ्याचं कसं असतं, फोन वाजला की काळीज आधी धावतं. एकदा मशीनवर बोर्ड चालू असताना फोन वाजला. मी छपाई तशीच टाकून धावलो, बोर्ड गुंडाळला जाऊन एका सरपंचांना दोन हनुवट्या आल्या, आणि मेल कुणाचा? एका बूटवाल्याचा. "इंद्रजीत, आम्हाला तुमची आठवण येते." मी त्याला असं उत्तर लिहिलं की ते इथं लिहिता येणार नाय. त्यावर लगेच आलं, आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. मामा, भांडायला बी समोर माणूस नाय. शहरातले सगळे बुटांचे बोर्ड मी रोज बघतो, एकानं मला दुखवलेलं नाय. गावात दवंडी पिटली तर जेवणारा जेवत राहतो. पण दारात येऊन कुणी नाव घेतलं तर हातातला घास ठेवून उठावं लागतं, आणि उठून बघावं तर साबण विकणारा. मी तनुजाला तसं उठवलं, आणि ते बी ती नोकरीच्या खऱ्या हाकेची वाट बघत होती त्या घडीला. बाकी सगळं ठीक आहे. काळजी नसावी. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (यापुढं),
इंद्रजीत

ता. क. बद्रीनाथजी यार्डात धान्य घ्यायला येतात, आपली त्यांची ओळख आहे. रविवारी करमाडला जाऊन माझ्या वतीनं माफी मागावी. त्यांनी दुसऱ्यांदा चहा विचारला, तर आणि तरच, भाचा लग्नाचा आहे असं सहज बोलावं.

ता. क. दुसरा. हेच पत्र पिशोरच्या काकांना बी पाठवलंय, फक्त नाव आणि दुखणं बदललंय. दोघांनी आपसांत ठरवून एकानंच जावं. दोघं एकदम दारात उभे राहिलात तर पुन्हा जाहिरात होईल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत तनुजाचं उत्तर आलं. कंपनीचं अजून काही कळलेलं नाय. पुढं लिहिलंय, "बाबांना जे सांगायचं ते स्वतः येऊन सांगा. कुणाला मध्ये घालू नका, आणि मेल तर मुळीच करू नका." मी येतो म्हणून कळवलंय. तरी मामा, तुम्ही रविवारी याच. गिरणीत नका येऊ, फाट्यावरच्या हॉटेलात बसा. तिथपर्यंत मी येईन. पुढं जायला मला कुणीतरी मागून ढकलायला पाहिजे.