बिनहाताची आरामखुर्ची

३ तारीख, सकाळ
आमचे मराठीचे मास्तर कविता शिकवताना लाकडी पट्टी टेबलावर आपटून ताल धरत. टक्-टक्, टक्. आज सुताराच्या हातोडीतून नेमका तोच आवाज आला. शुभ लक्षण. खुर्ची उत्तम होणार.
हिचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, सध्या लेकीकडे आहे. बारा तारखेला, रविवारी, दोघी खुर्ची बघायला येणार. आईला धड बसता-उठता आलं तरच ती तुमच्याकडे राहील, नाहीतर कायमची माझ्याकडे, असं लेकीने बजावलंय. बाजारातली आणा म्हणाली. मी हसलो. डिझाइन माझं. मिनिमलिस्ट.

५ तारीख
कवितेत एक शब्द जास्त झाला की गेली कविता. म्हणून खुर्चीचे हात काढून टाकले. सुतार म्हणाला, मग पायपण काढू का आजोबा? त्याला काव्य कळत नाही. पाय फक्त आखूड केले.

७ तारीख
बैठक स्वतः विणतोय. पडद्यांना मॅचिंग, निळी सुती पट्टी. कविता म्हणत म्हणत; एक शब्द वरून, एक खालून. ओळीत विसाव्याची जागा आली की हातही थांबतो, आणि पट्टी जरा सैल पडते. पडू दे. लय महत्त्वाची.

८ तारीख
लेकीचा फोन. आई उठणार कशाला धरून, म्हणे. म्हटलं, सौंदर्याला धरून. तिने फोन आईकडे दिला.
"अहो, मला घरी यायचंय. एवढं लक्षात ठेवा."
ठेवलंच आहे की.

१० तारीख
विणून विणून माझी पाठ धरली. तयार खुर्ची आणावी, असा क्षुद्र विचार मनात आला. झटकला. दुपारी पुन्हा आला. दुकान बंद होतं.

११ तारीख, शनिवार, दुपार
झाली. इतकी देखणी की नुसता बघत राहिलो. मग बसलो. बैठक खाली गेली, गुडघे हनुवटीशी आले.
मघापासून उठतो आहे. धरायला काही नाही. वही खिशात होती, म्हणून लिहितो.

बेल. लेक आजच आली की काय?
नाही. बाहेरून हिचा आवाज. एकटीच, वॉकर घेऊन, टॅक्सीने. लेकीला न सांगता.
"उघडा लवकर. उद्या ती बघायच्या आत मला बसायची सवय करून घ्यायचीय. कशीही असली तरी छान आहे म्हणणार आहे मी."
कडी आतून लावलेली.
"आलो," म्हटलं.
थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं.