गजावरची खूण

उइटहॉर्न, नेदरलँड्स, शनिवार, १२ सप्टेंबर २०२०, संध्याकाळ

आज नेमबाजीच्या क्लबात ठासणीच्या बंदुकीत गोळी ठासली आणि शेजारच्या बंदुकीचा धूर घशात जाऊन मला खोकला आला. लगेच सगळे दोन पावलं मागे. हल्ली कोरोनामुळे खोकणं म्हणजे गुन्हाच. त्या गडबडीत शंका आली, गोळीआधी नळीत दारू ओतली होती ना?

शंका मला रोजच्याच. घराचं दार मी तीनतीनदा ओढून पाहतो. ताई म्हणते, "अरे, लागलंय. तुझी शंका एकदा तरी खरी ठरलीय का?" म्हणून आधी शंका झटकून टाकली. मग हात वर करून विचारलंच.

आमचा म्हातारा शिक्षक हेंक दीड मीटरवरूनच ओरडला, "मला काय विचारतोस? गज घालून बघ."

बंदूक बरोबर भरली असेल तर गोळी ठासायच्या गजावरची खूण नळीच्या तोंडाशी येते. आज ती आत बुडाली. गोळी थेट तळाशी गेलेली, म्हणजे खाली दारू नव्हतीच.

"आता बस गोळी उपसत," हेंक म्हणाला. "आणि खोकू नकोस!"

घरी ताईला सांगितलं, या वेळी शंका खरी ठरली. तिचा चेहरा पडला. "म्हणजे आता दार सहा वेळा?"

मलाही तीच भीती. पण ती खूण मी एकदाच पाहिली, पुन्हा पाहावीशी वाटली नाही. दाराचं तसं का होत नाही? मी नुसतं ओढतो, पाहत नाही म्हणून?

आत्ता खाली जाऊन आलो. दिवा लावला, कडी नीट पाहिली. दार ओढलं नाही.

पुन्हा जावंसं वाटतंय. पण अजून इथेच बसलोय.