जावांचा दोर

१२ तारीख, मंगळवार
दोर वळायच्या चाकाला मुलानं मोटर बसवली. मला विचारलं? नाही. म्हणतो, "आई, काकू शहरात गेली, आता चाक फिरवणार कोण? बटण दाब आणि चाल." जसं काही माझी धाकटी जाऊ नुसतं चाकच फिरवत होती.

१३, बुधवार
आमच्या लोकांत दोर दोन जावांनी वळायचा. धाकटी चाकाशी बसणार. थोरली कमरेला घायपाताचा वाख गुंडाळून, तो सोडत सोडत, उलटी चालत गल्लीच्या टोकापर्यंत जाणार. तिनं वळून बघायचं नाही, पीळ बिघडतो. मागे काय आहे ते धाकटीनं ओरडून सांगायचं. "ताई, डावीकडे शेण. ताई, मागे दगड. ताई, मागे मामंजी." दगड काय, सासरा काय, एकाच सुरात! गल्ली हसायची.

लग्न होऊन आल्यापासून मी तिच्याच डोळ्यांनी उलटी चालले. आता ती लेकाकडे, शहरात, आठव्या मजल्यावर. गुडघे दुखतात म्हणे. माझे काय कालच बाजारातून आणलेत?

१५, शुक्रवार
पडले. सुनेनं वाटेत बादली ठेवलेली. मोटर आपली घरघरतेय — तिला फिरवता येतं, सांगता येत नाही.

सून रडवेली. "आई, मागे बघून चालायचं ना." म्हटलं, मागेच बघायचं असतं तर दोर कशाला वळला असता, कपडे धुतले असते.

"काकूच्या जागी हिला बसव," मुलगा म्हणाला. नाही. एक जाऊ जिवंत असताना तिची जागा दुसरीला देत नाहीत. सून चांगली आहे. पण तिच्या भरवशावर उलटी चालणार नाही मी. अजून तरी.

१८, सोमवार
धाकटीचा फोन. आधी गुडघ्यांवरून भांडलो. पडल्याचं मी बोललेच नाही, तरी म्हणाली, "कुठे लागलं?" मग म्हणते, "ताई, इथे कुणी कुणाला हाक मारत नाही हो. सगळी दारं बंद."

म्हटलं, बरं झालं, तुझ्या घशाला आराम. फोन ठेवला आणि विंचरलेला वाखच पुन्हा विंचरत बसले.

२०, बुधवार
लिहिण्यासारखं काही नाही. पाऊल मागे टाकलं की कान उगीच टवकारतात.

२३, शनिवार
धाकटीकडे जायला पिशवी भरली. चाक मुलगा तिकडे आणून देतोय, मोटर काढून. धाकटी म्हणते, आठव्या मजल्यावरचा बोळ चांगला लांब आहे, वाटेत फक्त चपला. दोन म्हाताऱ्या इथे काय करताहेत, असं शेजारी विचारतीलच. जबाब तिच्या लेकानं द्यायचा. आम्ही कामात असू.