मानपत्र चालू असताना

आप्पा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तुम्हाला काही सांगावंसं वाटलं, असं फारसं झालं नाही. सुरुवातीची काही वर्षं श्राद्ध केलं, मग तेही सुटलं. आज लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात आपल्या कॉलनीच्या मैदानावर फुटबॉलची फायनल संपल्यावर बाहेर पडायच्या वाटेत चेंगरून दोन माणसं मेली. गेटला कुलूप होतं. ते मी लावायला सांगितलं होतं.

मैदान तुम्ही सोडून गेलात जवळजवळ तसंच आहे. डोंगराच्या बाजूला पूर्वी नुसता उतार होता, तिथे आता जांभ्याच्या पायऱ्या झाल्यात, आणि भोवती कुंपणाची भिंत. बाहेर जायची वाट मात्र तीच, पाण्याची टाकी आणि दरडीची भिंत यांच्यामधून उतरत रस्त्यावरच्या गेटपर्यंत जाणारी. टाकीपाशी ती वळते. वळणाच्या वर असलेल्या माणसाला गेट दिसत नाही. तुम्ही पॉवर हाऊसच्या दारावर वॉचमन, मैदानाचं काम तुम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. पण स्पर्धेच्या दिवसांत तुम्ही सुटी टाकून इथे उभे असायचा. सामना संपायला दहा मिनिटं राहिली की तुम्ही गेटची दोन्ही दारं सताड उघडता, त्यांना दगड लावता, वर येता आणि वाटेच्या तोंडाशी पायऱ्यांकडे तोंड करून उभे राहता. मैदान तुमच्या पाठीमागे. गोल झाला तरी तुम्ही वळून बघत नाही. लोक उतरायला लागले की तुमचं बोलणं सुरू. "ओ मावशी, दमानं की. एस.टी. काय तुमच्या एकटीची हाय?" वरून कुणीतरी ओरडतो, "ए घाटी, तुला मॅच कळत नाय तर आमाला तरी जाऊ दे!" तुम्ही हसत म्हणता, "मॅच कळती. शेवटच्या दहा मिनटांत माणसंच कळत न्हाईत." माणसं हसतात, हसताना पाय थोडा हळू पडतो. तुम्हाला तेवढंच हवं असायचं, हे मला आत्ता कळतं आहे.

मला तेव्हा त्या सगळ्याची लाज वाटायची. कॉलनीला फुटबॉलचा नाद तुम्हीच लावलेला, घाटावरून येताना घेऊन आलेला, आणि फायनलच्या दिवशी मैदानाकडे पाठ करून उभा राहणारा माणूसही तुम्हीच. वर्गातली मुलं मला विचारायची, "तुझा बापूस मॅच बघाय येतो का आमची तोंडां बघाय?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. हसणं सोपं होतं.

मी आठवीत असताना सेमीफायनलच्या दिवशी आम्ही तिघं गेटच्या एका दारावर चढून झुलत होतो. दगड निसटला, दार मिटलं आणि कडी पडली. लोक अजून वळणाच्या वरच होते. तुम्ही खाली आलात, कडी काढली, दार उघडलं, दगड लावला आणि मग सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली मारलीत. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून फुरंगटून बसलो होतो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही मला उभं केलंत, पाठ भिंतीला लावलीत आणि पंजा माझ्या छातीवर ठेवलात. मारायला नाही. नुसता ठेवलात आणि हळूहळू दाबत गेलात. "आईला हाक मार," म्हणालात. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. आई मागे वळली आणि म्हणाली, "अहो, मघाशी मारलंत तेवढं पुरे नाय झालं?" तुम्ही हात काढलात. "मागच्याला पुढचं दिसत न्हाई," म्हणालात, "आन् पुढच्याला वरडता येत न्हाई. मग सांगायचं कुनी?" एवढंच. त्यानंतर तुम्ही जेवायला बसलात. हे तुम्हाला कुठून माहीत, ते मी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं, की लग्नाआधी घाटावर कुठल्याशा सामन्याला तुम्ही बंद दारापाशी अडकला होता आणि दोन बरगड्या मोडून घरी आला होता. तुम्ही कधी बोलला नाहीत. तेव्हाही मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं, म्हणून त्यांना ती सवय होती.

मी शिकलो. चिपळूणच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. कॉलनीच्या वेशीवर घर बांधलं. लोक मला सर म्हणतात, आणि रिटायर झाल्यावर स्पर्धेच्या समितीनं मला कार्याध्यक्ष केलं. मैदानात माझी जागा व्यासपीठावर असते. हे लिहिताना मला जाणवतं, की तुमचा मुलगा म्हणून मला तिथे बसवलं असावं. मी ते माझ्या भाषणांमुळे समजत होतो.

आपल्याकडे काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. शेवटची शिट्टी झाली की लोक उठतात. मग सत्कार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, बक्षीस, आभार. हे सगळं रिकाम्या पायऱ्यांपुढे होतं. गेल्या वर्षी पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा समोर दोन संघ आणि मांडववाला एवढेच होते. पाहुणे हसून म्हणाले, "पुढच्या वेळी माणसांनापण बोलवा." समितीत सगळ्यांना ते लागलं. मला जास्त लागलं. या वर्षी पाहुणे मोठे होते, त्यांना मानपत्र द्यायचं ठरलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. आठ दिवस मी त्यावर बसलो होतो. पाच परिच्छेद. विशेषणं कमी ठेवली होती, वाक्यं आखूड. बऱ्याच वर्षांनी काहीतरी बरं लिहून झालं होतं. ते लोकांनी ऐकावं, असं मला वाटलं. समितीच्या बैठकीत मीच म्हणालो, आभार होईपर्यंत गेट लावून घेऊ, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. कुणी हरकत घेतली नाही. पाहुण्यांचा मान सगळ्यांना पटला. मानपत्राचं मी बोललो नाही.

गेटवर आता मामा असतात. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या जागी लागलेले, ते. तेही आता म्हातारे झालेत. मैदानाचं काम त्यांनाही कुणी दिलेलं नाही. सामना पेनल्टीवर गेला तेव्हा मी खाली त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दारं उघडून दगड लावलेले होते. मी म्हणालो, "मामा, आता लावून घ्या."

"आता? सर, आता तर लोकां सुटतील."

"म्हणून तर."

"साडेसहाची गाडी हाय. थांबायची नायत."

"दहा मिनिटं थांबली तर काही बिघडत नाही."

"दहा मिन्टां लय होतात, सर."

ते दारं ओढून बाहेरून कुलूप लावून किल्ली लुंगीच्या कनवटीला खोवू लागले. मला वाटलं, मी वळलो की हे उघडतील. मी गजांमधून हात पुढे केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किल्ली दिली. मी ती झब्ब्याच्या खिशात टाकली.

किनाऱ्यावरच्या गावाचा संघ जिंकला. त्यांच्या गोलकीपरनं शेवटची पेनल्टी अडवली. त्याची आई टेंपोनं सामना बघायला आली होती. तिचे गुडघे दुखत, म्हणून गर्दीच्या आधी सावकाश उतरावं असं तिनं ठरवलं, हे तिच्या मुलानं नंतर सांगितलं. म्हणजे ती सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मागे तुमच्याच शिफ्टमधले एक होते, पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले. तुम्हाला वरून घाटी म्हणून हाक मारायचे, तेच. ते दोघं गेटपाशी पोचले. मागून माणसं येत राहिली. कुणी ढकललं नाही, आप्पा. पोलीस सगळ्यांना विचारत होते, कुणी ढकललं. प्रत्येक जण एक पाऊल पुढे आला, एवढंच.

तेव्हा मी मानपत्र वाचत होतो. चौथ्या परिच्छेदात असताना टाकीच्या बाजूनं आवाज वाढला. मला वाटलं, जिंकलेल्यांचा दंगा चालला आहे. मी वाचन थांबवलं आणि माइकवरून म्हणालो, "कृपया शांतता राखावी. एका ज्येष्ठ व्यक्तीचा गौरव चालू आहे." थोड्या वेळानं आवाज कमी झाला. मला समाधान वाटलं. मी पाचवा परिच्छेद वाचला. आवाज कशानं कमी झाला, हे त्या मैदानावर निदान मला तरी कळायला हवं होतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून ते मी शिकलो होतो.

मामा गेटच्या बाहेरच्या अंगाला होते. रस्त्यावरच्या माणसांना घेऊन त्यांनी पहारीनं बिजागऱ्या उपटल्या. दार बाहेर पडलं तेव्हा माणसं त्यावर एकावर एक आली. बाई तिथेच गेल्या. दुसरे चिपळूणला नेताना. मी पोचलो तेव्हा गोलकीपर हातमोजे न काढता आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी मानपत्र वाचणारा माणूस होतो. सामना जिंकून मैदानाच्या मध्यावर नाचणाऱ्या मुलाचं त्याकडे कुठून लक्ष असणार?

पोलिसांनी जबाब घेतले. मी सांगितलं, की पाहुण्यांच्या व्यवस्थेत होतो, गेटकडे लक्ष ठेवा एवढं मामांना सांगितलं होतं. एकेक शब्द तपासून मी ते वाक्य बोललो. मामांनी सांगितलं, की गर्दी बघून घाबरून कुलूप लावलं आणि गडबडीत किल्ली हरवली. आम्ही आपसात काही ठरवलेलं नव्हतं. त्यांना अटक झाली, मग जामीन मिळाला. आता ते घराबाहेर पडत नाहीत. नाक्यावर लोक म्हणतात, म्हाताऱ्याला भान राहिलं नाही. समितीतल्या कुणी बैठकीतलं बोलणं पोलिसांना सांगितलेलं नाही. माझ्यासमोर ते तो विषय काढत नाहीत, आणि मीही काढत नाही. उद्या अकरा वाजता मला पुरवणी जबाबासाठी बोलावलं आहे. त्यानंतर कागद पुढे जातील आणि मामांच्या नावानं जातील.

काल मी त्यांच्याकडे गेलो. मामी दारात निवडण घेऊन बसल्या होत्या, मला बघून उठल्या आणि आत जाऊन चहा टाकला. मामा पडवीत बाकावर होते. मी म्हणालो, "मामा, तुम्ही तसं का सांगितलंत?" ते म्हणाले, "काय सांगू? आप्पांच्या पोरानं लावलां म्हणून सांगू?" आतून मामी म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हवा. त्यांचं तोंड त्यांच्याकडं हाय." मामा म्हणाले, "हिचां काय ऐकू नका. माजां काय आता, पिकलां पान. तुमचां नाव मोठां हाय, सर. आप्पांचां हाय त्याच्यात." मामींनी चहा आणून ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा प्यायलो आणि निघालो.

हे पत्र सकाळपासून लिहितो आहे. उद्याच्या जबाबाला तीन ओळी पुरतील, त्यात एकही शब्द अवघड नाही. त्या ओळींचा कागद शेजारी कोरा आहे. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तर मी हे लिहिलं नसतं.

एक गोष्ट वर लिहायची टाळली. मामा तसं म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. वाटेत उतारावर मी थांबलो, कारण पाय हलके पडत होते. तेवढं सांगायचं होतं. बाकीचं सगळं ते लांबवायला लिहिलं.